पुरोगामी रॉक आणि रूढ रॉक : सीमारेषा कोठें आंखावी ?

श्रोतेहो, इतिहास शिकविणाऱ्या माणसाला सीमारेषांवांचून चालत नाहीं. प्राचीन काळ येथें संपला, मध्ययुग येथें सुरू झालें, पेशवाई १८१८ सालीं बुडाली, अशा रेघा फळ्यावर ओढून दाखविल्याशिवाय वर्ग पुढें सरकत नाहीं. परंतु त्या १८१८ सालीं कोंकणांतल्या एखाद्या खेड्यांत नांगर धरणाऱ्या कुणब्याला आपण एका युगांतून दुसऱ्या युगांत पाऊल टाकीत आहों, असें खचित वाटलें नसेल. रेघ मागाहून ओढली जाते, आणि ती ओढणाऱ्याच्या सोयीनें ओढली जाते. आज मीं जो विषय घेतला आहे तो राज्यांच्या इतिहासाचा नसून संगीताच्या इतिहासाचा आहे. पण अडचण तीच आहे.

इंग्लंड आणि अमेरिका या देशांत रॉक या नांवानें ओळखलें जाणारें जें संगीत आहे, त्यांत १९६७ पासून पुढें सात-आठ वर्षें एक मोठा उठाव झाला. त्या उठावांतून जें संगीत निपजलें त्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात. आपण त्याला पुरोगामी रॉक म्हणूं. उरलेल्या, सर्वांच्या कानीं पडणाऱ्या रॉकला मेनस्ट्रीम, म्हणजे मुख्य प्रवाहांतलें म्हणतात; त्याला आपण रूढ रॉक म्हणूं. या दोहोंमधली रेघ कोठें ओढावयाची हा वाद गेलीं पन्नास वर्षें आणि त्याहून अधिक काळ चालू आहे. तो नुसता शब्दांचा वाद असता तर आपला वेळ घेण्याचें कारण नव्हतें. परंतु ‘पुरोगामी’ हा शब्द वर्णन करतां करतां मानहि देऊन जातो. एकाला पुढें जाणारा म्हटलें कीं दुसरा आपोआप मागें राहिलेला ठरतो. कोणत्या तबकड्या जपून ठेवावयाच्या, कोणत्या अडगळींत टाकावयाच्या, कोणत्या वादकानें प्रगति केली आणि कोणत्यानें विश्वासघात केला, हें सारें या रेघेवरून ठरविलें गेलें आहे. आणि तें पुष्कळदां चुकीचें ठरविलें गेलें आहे, असें मला वाटतें.

प्रथम हें पाहूं कीं, ज्या चौकटीबाहेर ही मंडळी पडली ती चौकट आली कोठून. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत प्रचलित असलेली तबकडी मिनिटाला ७८ फेरे फिरे, आणि तिच्या दहा इंची आकारांत एका बाजूस सुमारें तीन मिनिटांचें गाणें मावे. या मर्यादेचा अनुभव आपल्या देशासहि आहे. १९०२ सालीं कलकत्त्यास गौहरजान यांच्या गायनाचें मुद्रण झालें, तेव्हां मैफलींत तासभर फुलणारी वस्तु तीन मिनिटांच्या आंत आटोपावी लागली. पुढें आपल्या अनेक थोर गवयांनीं तेवढ्या वेळांत रागाचें सार मांडण्याची एक निराळीच कला साधली. १९४८ सालीं अमेरिकेंतील कोलंबिया कंपनीनें मिनिटाला सवातेहतीस-साडेतेहतीसच्या दरम्यान फेरे फिरणारी लाँग प्लेइंग तबकडी काढली. तिच्या एका बाजूस वीस-बावीस मिनिटें सहज मावूं लागलीं. दुसऱ्याच वर्षीं आर. सी. ए. व्हिक्टर या कंपनीनें ४५ फेऱ्यांची सात इंची तबकडी काढली. ती स्वस्त व सुटसुटीत होती, पण तिची मर्यादा बहुतेक जुनीच राहिली. १९५० नंतरच्या दशकांत रॉक वाढलें तें या लहान तबकडीवर. तीन मिनिटांचें गाणें, दोन-तीन कडवीं, प्रत्येक कडव्यानंतर तेंच ध्रुवपद, मध्यें थोडें गिटारवादन, चार मात्रांचा ठेका आणि त्यांत दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर जोर, असा सांचा बसून गेला. अमेरिकेंतील नभोवाणी केंद्रेंहि याच सांच्यावर चालत, कारण दोन जाहिरातींच्या मध्यें बसणारें गाणें त्यांना हवें असे.

या सांच्याला तडा गेला तो एका दिवसांत गेला नाहीं. बीटल्स या इंग्रज चौकडीनें १९६६ च्या ऑगस्टांत जाहीर जलसे बंद केले आणि सारा वेळ ध्वनिमुद्रणगृहांत घालविण्यास आरंभ केला. १९६७ सालीं त्यांची ‘सार्जंट पेपर’ ही लांब तबकडी निघाली. तिच्यांतील गाणीं सुटीं वेंचून लहान तबकड्यांवर त्या वेळीं विकलीं गेलीं नाहींत. आरंभींचें गाणें शेवटाजवळ पुन्हां येतें आणि तबकडी सबंध ऐकावी अशी तिची मांडणी आहे. त्याच वर्षीं मूडी ब्लूज या मंडळीनें पहांटेपासून रात्रीपर्यंतचा एक दिवस हा विषय घेऊन वाद्यवृंदासह एक सबंध तबकडी रचली. बर्मिंगहॅम येथें तयार होणारें मेलोट्रॉन नांवाचें वाद्यहि याच सुमारास प्रचारांत आलें. दिसावयास तें पेटीसारखें. पण प्रत्येक पट्टीखालीं ध्वनिफितीचा एक तुकडा असे, आणि पट्टी दाबली कीं त्यावर आधींच मुद्रित केलेला व्हायोलिनचा वा बांसरीचा स्वर सुमारें आठ सेकंद वाजे. चार पोरांच्या मेळ्याला वाद्यवृंदाचा भारदस्तपणा आणतां येऊं लागला तो या यंत्रामुळें.

अमेरिकेंत आणखी एक कारण घडलें, आणि तें नभोवाणीचेंच असल्यामुळें येथें सांगणें उचित होईल. तेथें एकाच मालकाचीं ए. एम. आणि एफ. एम. अशीं दोन केंद्रें असत व दोहोंवर एकच कार्यक्रम वाजे. मोठ्या शहरांतील एफ. एम. केंद्रांनीं आपल्या वेळेचा बराच भाग स्वतंत्र कार्यक्रमांना द्यावा, असा नियम सरकारी आयोगानें केला. मालकांपाशीं इतकें साहित्य कोठून असणार ? मग निवेदकांना मोकळीक मिळाली. १९६७ सालीं सॅन फ्रान्सिस्कोच्या के. एम. पी. एक्स. केंद्रावर टॉम डोनाह्यू यानें लांब तबकड्यांच्या बाजूच्या बाजू वाजविण्यास सुरुवात केली, आणि वीस मिनिटांच्या रचनेस श्रोता मिळूं शकतो हें सिद्ध झालें. म्हणजे पुरोगामी रॉकच्या जन्मास जशी कलावंतांची हौस कारण झाली, तसेंच तबकडीचें माप आणि सरकारी कलमहि कारण झालें.

मग १९६९ सालीं लंडनमध्यें किंग क्रिम्सन ही मंडळी पुढें आली. जुलै महिन्यांत हाइड पार्कमध्यें रोलिंग स्टोन्सच्या जलशापूर्वी त्यांनीं वादन केलें, आणि ऑक्टोबरांत त्यांची पहिली तबकडी निघाली. त्या तबकडीपासून हा पंथ निश्चित ओळखतां येतो, असें बहुतेक जाणकार मानतात. पाठोपाठ येस, जेनेसिस, जेथ्रो टल, एमर्सन लेक अँड पामर या मंडळ्या आल्या. यांतील पुष्कळ तरुण शिकलेले होते. जेनेसिसचा मेळा १९६७ सालीं चार्टरहाउस या जुन्या इंग्रज शाळेंत जमला. येसचा वादक रिक वेकमन लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्यूझिकमध्यें कांहीं काळ शिकला होता. बाख आणि मुसोर्गस्की यांची त्यांना ओळख होती, जाझची चटक होती, आणि रॉक तर त्यांच्या पिढीचें होतेंच. तेव्हांच्या वृत्तपत्रांतून ‘प्रोग्रेसिव्ह’ हें विशेषण ज्या कोणा मंडळीला लहान तबकडीपेक्षां मोठ्या तबकडीची चाड असे तिला सरसकट लावीत; लेड झेपेलिनसारखी मंडळीहि त्यांत मोडे. विशेषणाचें जातिवाचक नाम झालें तें मागाहून. आजच्या घोटाळ्याचें मूळ येथें आहे.

आतां रेघ ओढण्याच्या ज्या कसोट्या सांगण्यांत येतात त्या एकेक घेऊं.

पहिली कसोटी लांबीची. लांब तें पुरोगामी, आंखूड तें रूढ, असें पुष्कळ मानतात. ही कसोटी सोपी आहे, आणि घड्याळ असलेल्या कोणासहि लावतां येते. पण ती टिकत नाहीं. १९६८ सालीं आयर्न बटरफ्लाय या अमेरिकन मंडळीनें सतरा मिनिटांची एक रचना काढली व तबकडीची सबंध बाजू व्यापली. ती ऐकली तर एक लहान गाणें आहे, मध्यें प्रत्येक वादकानें आपापली पाळी घेतली आहे, ढोलांचा तर एक भला मोठा प्रकार आहे, आणि शेवटीं तेंच गाणें परत येतें. पांच मिनिटें काढून टाकलीं तरी रचनेचें कांहीं बिघडत नाहीं. कंपनीनें तींतून तीन मिनिटांची लहान तबकडी बनविली, आणि तीहि खपली. लेड झेपेलिनचें १९७१ मधील ‘स्टेअरवे टु हेव्हन’ हें आठ मिनिटांचें आहे, तेंहि कोणी सहसा या पंथांत धरीत नाहींत. उलट पुरोगामी म्हणविणाऱ्या मंडळ्यांच्या तीन-चार मिनिटांच्या कितीतरी रचना आहेत. तेव्हां लांबी ही सोबतीण आहे, ओळख नव्हे.

दुसरी कसोटी तालाची. रूढ रॉक चार मात्रांत चालतें. पुरोगामी मंडळी पांच, सात, नऊ मात्रांचे विषम ठेके वापरतात. आपल्या कानांना यांत नवल वाटत नाहीं. सात मात्रांचा रूपक आणि दहा मात्रांचा झपताल आपल्याकडे नवशिक्या तबलजीलाहि येतो. परंतु पाश्चात्य लोकप्रिय संगीताला चारच्या चाकोरीबाहेर जाणें हें मोठें धाडस होतें. तरी ही कसोटी देखील अपुरी पडते. बीटल्सचें ‘ऑल यू नीड इज लव्ह’ १९६७ च्या जूनमध्यें उपग्रहाच्या द्वारें अनेक देशांत एकाच वेळीं दाखविण्यांत आलें; त्याच्या कडव्यांचा ठेका मुख्यतः सात मात्रांचा आहे, आणि लोकांनीं तें विनाविलंब गुणगुणलें. डेव्ह ब्रूबेकच्या मेळ्याचें ‘टेक फाइव्ह’ हें १९५९ चें पांच मात्रांचें जाझ वादन असेंच घरोघर गेलें होतें. विषम ताल अवघड असतो हा समज, ज्यानें तो लहानपणीं ऐकला नाहीं त्याचा आहे.

तिसरी कसोटी वाद्यांची व अभिजात संगीताकडून केलेल्या उसनवारीची. मेलोट्रॉन, मूग यांचें विद्युत्‌वाद्य, चर्चमधला ऑर्गन हीं असलीं कीं पुरोगामी. एमर्सन लेक अँड पामर यांनीं मुसोर्गस्कीची ‘पिक्चर्स अ‍ॅट अ‍ॅन एक्झिबिशन’ ही मालिका आपल्या पद्धतीनें जलशांत वाजविली, व तिची तबकडी १९७१ सालीं निघाली. पण बीटल्सनीं १९६५ मध्येंच ‘यस्टरडे’ या साध्या प्रेमगीतामागें चार तंतुवाद्यें वाजविलीं होतीं. लग्नांत भाड्यानें आणलेला शेला पांघरून कोणी घराण्यांतला होत नाहीं.

चौथी कसोटी खपाची. सर्वांत फसवी हीच आहे. पुरोगामी म्हणजे मोजक्या रसिकांचें आणि रूढ म्हणजे बाजाराचें, असा एक समज आहे. इतिहास काय सांगतो तें पाहा. जेथ्रो टलची ‘थिक अ‍ॅज अ ब्रिक’ ही १९७२ ची तबकडी म्हणजे दोन्ही बाजू मिळून चाळीस मिनिटांहून मोठी अशी एकच रचना आहे. एका कल्पित गांवाचें वृत्तपत्र तिचें वेष्टन म्हणून छापलें होतें. लांबच लांब तबकड्यांच्या हौसेची थट्टा करण्याचा तींत हेतु होता. ही थट्टा अमेरिकेच्या विक्रीच्या यादींत पहिल्या क्रमांकावर गेली. १९७३ सालीं पिंक फ्लॉइडची ‘डार्क साइड ऑफ द मून’ निघाली. हृदयाच्या ठोक्यांनीं ती सुरू होते व ठोक्यांनींच संपते, गाणीं एकांत एक गुंफलेलीं आहेत, आणि पैशावरच्या गाण्याचा ठेका सात मात्रांचा आहे. गिटारच्या भागापुरता तो चारांत येतो. ती तबकडी अमेरिकेच्या मुख्य यादींत १९७३ ते १९८८ या काळांत एकंदर ७४१ आठवडे राहिली. मग त्या वर्षांत मुख्य प्रवाह कोणता होता ? ज्याला आपण आज प्रवाहाबाहेरचें म्हणतों तेंच त्या वेळीं पात्राच्या मधोमध वाहत होतें. खपावरून रेघ ओढली तर १९७२ आणि १९७३ या दोन वर्षांत ती रेघ नाहींशीच होते.

मग रेघ ओढावयाचीच नाहीं काय ? ओढावयाची. फरक खरा आहे, कानाला तो कळतो. फक्त तो ज्या जागीं आहे तेथें शोधला पाहिजे. माझ्या मतें प्रत्येक रचनेला एकच प्रश्न विचारावा : हिचा पुढचा भाग येथें कां आला ? ठरलेल्या जागीं ठरलेली वस्तु यावयाची म्हणून आला असेल, कडवें झालें आतां ध्रुवपद, ध्रुवपद झालें आतां गिटार, असा असेल, तर ती रचना रूढ आहे. मग ती वीस मिनिटांची असो. आधींच्या भागानें जें सुरू केलें त्याची तड लावण्यासाठीं आला असेल, आणि त्यासाठीं रचनेनें आपला आकार आपणच घडविला असेल, तर ती पुरोगामी. मग ती चार मिनिटांची असो.

उदाहरणार्थ येस या मंडळीची १९७२ ची ‘क्लोज टु द एज’ ही रचना घ्या. ती तबकडीची एक सबंध बाजू, म्हणजे अठरा मिनिटांहून अधिक आहे. तिचे चार भाग आहेत. तिचे शब्द रचतांना जॉन अँडरसन याच्या मनापुढें हेर्मान हेस या जर्मन लेखकाची ‘सिद्धार्थ’ ही कादंबरी होती. त्या कादंबरींतला नायक शेवटीं नदीकांठीं शांत होतो. रचना पाण्याच्या व पक्ष्यांच्या आवाजानें उघडते, आणि एकाएकीं सर्व वाद्यें जणूं एकमेकांशीं भांडत तुटून पडतात. त्या गोंगाटांतून हळूहळू एक स्वरवाक्य वर येतें. पहिल्या दोन भागांत तेच स्वर निराळ्या ठेक्यावर, निराळ्या वेगानें येतात. तिसऱ्या भागांत सारें थांबतें. संथ गायन सुरू होतें, आणि त्याच्या कळसाला वेकमनचा चर्चचा ऑर्गन घुमतो. शेवटच्या भागांत पहिलेंच गाणें परत येतें. पण तोंपर्यंत ऐकणाऱ्यानें इतका प्रवास केलेला असतो कीं तेच शब्द पोंचल्यासारखे वाटतात. मग पुन्हां पाणी आणि पक्षी. यांतला मधला संथ भाग काढून टाका, शेवट निरर्थक होईल. आयर्न बटरफ्लायच्या ढोलवादनाशीं ताडून पाहिलें म्हणजे भेद ध्यानांत येईल. दोन्ही रचना लांब. एकींत लांबी भरलेली आहे, दुसरींत ती लागलेली आहे.

हीच कसोटी क्वीन या मंडळीच्या १९७५ मधील ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ला लावून पाहा. क्वीन ही सर्वथैव लोकप्रिय मंडळी. हें गाणें इंग्लंडांत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतें. पण सहा मिनिटांच्या आंत तें आळवणी, करुण गीत, संगीतिकेचें नाट्य, दणदणीत रॉक आणि शांत समारोप अशा पायऱ्या चढतें, आणि त्याला ध्रुवपद नाहीं. कथेंतील माणसाची स्थिति बदलते तसा आकार बदलतो. माझ्या रेघेप्रमाणें हें गाणें पलीकडे पडतें, जरी गाणारी मंडळी अलीकडची असली तरी. यावरून पहिला निष्कर्ष असा कीं, ही रेघ मंडळ्यांमधून जात नाहीं. ती कृतींमधून जाते. अमुक मंडळी पुरोगामी आणि तमुक रूढ, असा शिक्का मारणें म्हणजे विद्यार्थ्याचें नांव पाहून पेपर तपासण्यासारखें आहे.

या शिक्क्यानें काय अन्याय होतो तें जेनेसिसच्या इतिहासांत दिसतें. १९७५ सालीं त्यांचा मुख्य गायक पीटर गॅब्रिएल बाहेर पडला. फिल कॉलिन्स हा ढोलवादक गाऊं लागला. १९७८ मध्यें एका सरळ प्रेमगीतानें त्यांना मोठें यश दिलें, आणि १९८६ सालीं ‘इनव्हिजिबल टच’ हें त्यांचें गाणें अमेरिकेंत पहिलें आलें. जुन्या चाहत्यांनीं कपाळाला हात लावला. परंतु त्याच नांवाच्या तबकडीवर ‘डॉमिनो’ नांवाची दोन भागांची, दहा मिनिटांहून मोठी रचना आहे, जी सांच्यांत मुळींच बसत नाहीं. एकाच तबकडीवर रेघेच्या दोन्ही बाजू नांदत आहेत. आणि योगायोग असा कीं, त्या गाण्याला पहिल्या क्रमांकावरून ज्यानें खालीं ओढलें तें गाणें त्याच पीटर गॅब्रिएलचें होतें, आणि तेंहि नाचावयास लावणारें होतें. येस या मंडळीलाहि १९८३ च्या एका गाण्यानें पुढच्या जानेवारींत असेंच पहिलें स्थान मिळवून दिलें. येस, किंग क्रिम्सन आणि एमर्सन लेक अँड पामर यांच्यांतील मातबर वादक एकत्र येऊन झालेली एशिया ही मंडळी १९८२ सालीं आंखीव गाणीं घेऊन यादीच्या शिरोभागीं बसली. या माणसांचे हात बदलले नव्हते, विद्या विसरली नव्हती. त्यांनीं सांचा स्वीकारला, एवढेंच.

आणि सांचा स्वीकारणें हें पाप कां मानावें ? आपल्या ओवीचा सांचा ठरलेला आहे, अभंगाचाहि आहे. तुकोबांनीं त्या ठरलेल्या चरणांत जें भरलें त्यावरून त्यांस कोणी मागासलेले म्हणणार नाहीं. तीन मिनिटांच्या गाण्यांत नेमकी गोष्ट नेमक्या वेळीं सांगणें ही स्वतंत्र विद्या आहे. रूढ म्हणजे हीन असा अर्थ माझ्या रेघेंत नाहीं. हा माझा दुसरा निष्कर्ष.

तिसरा निष्कर्ष थोडा कडू आहे. जो सांचा मोडला त्याच्या जागीं नवा सांचा बसतो. १९७३ च्या अखेरीस येसनें ‘टेल्स फ्रॉम टोपोग्राफिक ओशन्स’ ही दोन तबकड्यांची कृति काढली. परमहंस योगानंद यांच्या आत्मचरित्रांतील शास्त्रांविषयींच्या एका तळटीपेवरून अँडरसनला ही कल्पना सुचली. चार बाजू, चार रचना, एकंदर ऐंशी मिनिटें. तींत सुंदर स्थळें आहेत. तरी कांहीं ठिकाणीं बाजू भरावयाची आहे म्हणून संगीत चाललें आहे असें वाटतें. खुद्द वेकमनला ती कृति रुचली नाहीं, व १९७४ सालीं तो मंडळी सोडून गेला. तीन मिनिटांच्या जुलमाविरुद्ध उठलेले लोक वीस मिनिटांच्या जुलमाखालीं आले. पुढें ज्यांनीं केवळ लांब रचना, मेलोट्रॉनचा सूर आणि परीकथेंतील चित्रांचें वेष्टन एवढेंच उचललें, त्यांना बाजारांत पुरोगामी हें नांव मिळालें. पण ते सांचेच गिरवीत होते. याच्या उलट किंग क्रिम्सनचा म्होरक्या रॉबर्ट फ्रिप यानें १९७४ मध्यें मंडळी मोडली, आणि १९८१ सालीं पुन्हां उभी केली ती मेलोट्रॉन टाकून. रचना आटोपशीर झाल्या. दोन गिटारींचे निरनिराळ्या मात्रांचे आवर्त एकमेकांत गुंतत जाऊं लागले, त्यांत जावा-बाली बेटांतील गॅमेलन वाद्यवृंदाची छाया होती. बाह्य लक्षणांची यादी हातांत घेऊन पाहिलें तर हें पुरोगामी रॉकच नव्हे. माझ्या प्रश्नानें पाहिलें तर दहा वर्षांतलें सर्वांत पुरोगामी हेंच.

१९७६-७७ मध्यें इंग्लंडांत पंक नांवाची लाट आली. तिनें या साऱ्या मंडळ्यांना फुगलेले, म्हातारे आणि श्रीमंत ठरविलें. सेक्स पिस्टल्सचा गायक जॉनी रॉटन हा पिंक फ्लॉइडच्या चित्राच्या सदऱ्यावर आपल्या हातानें तिरस्काराचे शब्द लिहून हिंडे. पण हाच तरुण १९७७ च्या जुलैमध्यें लंडनच्या कॅपिटल रेडिओवर आपल्या आवडीच्या तबकड्या घेऊन आला, तेव्हां त्यानें पीटर हॅमिलचीं गाणीं लाविलीं. हा हॅमिल म्हणजे व्हॅन डर ग्राफ जनरेटर या पक्क्या पुरोगामी मंडळीचा गायक. सदऱ्यावरची रेघ एक होती आणि कानांतली दुसरी. मला वाटतें, आपणां सर्वांचें बहुधा असेंच असतें.

रेघ वरून ओढली म्हणजे काय होतें याचा धडा आपल्या देशांतहि मिळाला आहे. १९५२ सालीं बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे नभोवाणीचे मंत्री झाले. लोकांच्या कानाला चांगलें वळण लागावें हा त्यांचा हेतु प्रामाणिक होता. शास्त्रीय गायकांना त्यांनीं मोठा आश्रयहि दिला. परंतु चित्रपटगीतांना आकाशवाणीवरून बाहेर काढलें, आणि श्रोत्यांनीं सुया फिरवून रेडिओ सिलोन लावला. १९५७ मध्यें विविधभारती सुरू झाली आणि तीं गाणीं सन्मानानें परत आलीं. त्या गाण्यांतहि ठरीव कांहीं होतें आणि स्वतःचा आकार घडविणारें कांहीं होतें. पण रेघ प्रकारावर ओढली गेल्यामुळें तो भेद कोणी पाहिलाच नाहीं.

तेव्हां, श्रोतेहो, पुरोगामी आणि रूढ यांमधली सीमारेषा ओढावी, पण शाईनें ओढूं नये. ती लांबीवर, तालावर, वाद्यांवर किंवा खपावर ओढूं नये. मंडळीच्या नांवावर तर मुळींच ओढूं नये. ती एकेका कृतींत शोधावी, आणि शेजारीं साल लिहावें. कारण जें १९६९ सालीं चौकट मोडणें होतें तेंच दहा वर्षांनीं चौकट होऊन बसलेलें असतें. कॅनडांतील रश या मंडळीनें १९८० सालीं नभोवाणीवरच एक गाणें रचलें. टोरांटोच्या एका मोकळ्या वृत्तीच्या केंद्राचें ब्रीदवाक्य त्याचें नांव झालें, आणि पांच मिनिटांच्या आंत त्यानें ठेका, वेग आणि ढंग अनेकदां बदलले. तें गाणें इंग्लंडच्या यादींतहि चढलें. त्याला रेघेच्या कोणत्या बाजूस घालावयाचें ? कोणाचें गाणें, किती खपलें, हें क्षणभर विसरून, तें शेवटपर्यंत ऐकावें, आणि प्रत्येक वळणाशीं विचारावें कीं, हें वळण येथें कां आलें. ज्याला उत्तर ऐकूं येईल त्याला रेघ दिसेल. ज्याला येणार नाहीं, त्यानेंहि गाणें ऐकलें एवढा लाभ पदरांत पडतोच.